तीन टिंबांची शिवण

दस्तगीरमामांची व्हॅन कोपऱ्यावरून वळायच्या आत आप्पा म्हणाले, "दस्तगीर आला. चहा सांग."

रस्त्यावर एक ट्रॅक्टर, दोन टेम्पो आणि कारखान्याची बस एकाच वेळी गुरगुरत होती. मला त्यात वेगळं काही ऐकू आलं नाही. आप्पांना तोवर डोळ्यांनी फक्त उजेड आणि सावली कळायची, त्यामुळे त्यांचा सगळा कारभार कानांवर चालायचा. आमच्याकडे येणारी प्रत्येक गाडी ते आवाजावरून ओळखायचे, आणि दस्तगीरमामांची सगळ्यांत आधी. "तिचा घसा बसलाय," असं म्हणायचे.

मिरज-कुपवाड रस्त्याला आमचं सायलेन्सर दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे. पत्रा कापणं, नळ्या जोडणं, वेल्डिंग, सगळं मी करायचे. सासर सोडून आलेली बाई वेल्डिंग करते हे बघायला पहिल्या वर्षी लोक उगाच थांबायचे. मग त्यांचेही सायलेन्सर फुटले आणि ते मुकाट्याने गिऱ्हाईक झाले. आप्पा दाराशी बाकावर बसलेले असायचे. चाळीस वर्षं वेल्डिंग करून त्यांचे डोळे गेले होते, पण नाव जागेवर होतं. आप्पा लोहाराच्या दुकानात गाडी सोडा आणि खुशाल झोपा, असं लोक म्हणायचे. दस्तगीरमामा तर खरोखरच झोपायचे. गाडी लावली की मागच्या पडवीत चटई टाकून तासभर घोरणार. त्यांच्या तीन गाड्या बदलल्या, झोपायची जागा बदलली नाही.

त्या मंगळवारी मात्र मामा झोपायला आले नव्हते. त्यांच्या हातात एक कागद होता.

"पीयूसी नापास," ते म्हणाले. "ह्या गाडीला पयल्यांदाच नापास केलंय बघ वैजू. शाळंतसुदिक एवढं वाईट वाटलं न्हवतं."

"शाळंत सवय हुती तुला," आप्पा म्हणाले.

एरवी मामांनी यावर आप्पांच्या गणिताचे मार्क काढले असते. त्या दिवशी हसलेही नाहीत.

पूर्वी पीयूसी ही काही चिंतेची गोष्ट नव्हती. नाक्यावरचा माणूस एका चांगल्या गाडीच्या मागे नळी खुपसून ठेवायचा आणि कागद येईल त्या गाडीच्या नंबराने काढून द्यायचा. आप्पाच मामांना दर वेळी त्याच्याकडे पाठवायचे. पण त्या वर्षी नवी मशीन आली. गाडीचा नंबर, मागची नळी आणि धुराचा आकडा, सगळं कॅमेऱ्यासमोर. मामांच्या गाडीचा आकडा हद्दीच्या चौपट निघाला होता.

मामा डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे सीमेकडच्या खेड्यांतून सहा-सात माणसं गोळा करून मिरजेच्या दवाखान्यात पोचवायची आणि दुपारी परत. दवाखान्याने त्यांना कळवलं होतं की पुढच्या गुरुवारपर्यंत पीयूसीचा कागद दाखवा, नाहीतर आम्ही दुसरी गाडी लावतो.

मी गाडीखाली सरपटत गेले. इंजिनच्या मागे, सायलेन्सरच्या आधी, नळीत एक फुगीर डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी असते आणि तिच्यावर महागड्या धातूंचा लेप असतो. विषारी धूर तिच्यातून जाताना निवळतो. त्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आम्ही डबाच म्हणायचो.

"डबा गेलाय मामा," मी खालूनच ओरडले. "बाकी इंजिन चांगलं हाय."

"कंपनीत इचारलं मी. त्या डब्याच्या पैशात दुभती म्हैस ईल, रेडकासकट." मामा खाली वाकले. त्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता. "दुसरं कायतरी कर की. तू काढशील मार्ग."

मार्ग होता, आणि मला तो ठाऊक असल्याचा गर्वही होता. कोल्हापूरला एक विक्रेता सरकारी चाचणी झालेल्या, शिक्क्याच्या नव्या जाळ्या विकायचा. डबा जुनाच ठेवायचा, तो कापून आत नवी जाळी बसवायची आणि पुन्हा वेल्ड करायचा. आणि जुनी जाळी त्याला परत दिली तर किंमत जवळजवळ निम्म्यावर यायची, कारण खराब झालेल्या जाळीतूनही तो धातू निघतो. नवी तो आधी पाठवायचा, जुनी त्याच खोक्यात परत पाठवायच्या बोलीवर.

हे सगळं मी उभी राहून, हात पुसत, जरा तोऱ्यातच सांगितलं. मामांचा चेहरा उजळला. आणि आप्पा म्हणाले, "नको."

"काय नको?"

"असलं जोडकाम नको. कंपनीचा नवाच डबा घाल म्हणावं त्याला. जुना टाकून द्यायचा. कापायचा न्हाई."

मी बघतच राहिले. जन्मभर गिऱ्हाइकाचा एक बोल्टसुद्धा वाचवणारा हा माणूस. कंपनीचा नवा सायलेन्सर घाला म्हणणाऱ्या मेकॅनिकांना शिव्या घालणारा.

"आप्पा, त्यांना परवडणार न्हाई."

"मग कर्ज काढ म्हणावं."

"तुमी सावलीत बसून सल्ला देऊ नका," मामा म्हणाले. ते चिडले नव्हते, दुखावले होते. "मी काय शौक म्हणून आलोय? ह्या गाडीनं मला लई तरास दिलाय आप्पा. पेशंट म्हणत्यात, मामा, डोळं चुरचुरत्यात, वास येतोय. मी म्हणायचो, डायलिसिसनं मळमळतंय तुमाला. ही बघा." त्यांनी दार उघडून पुढची टोपली दाखवली. तिच्यात कापलेली लिंबं होती. "एकेकाच्या हातात लिंबू देतो, हुंगत बसा म्हणून. ती चंपाक्का आठवती का? एकुंड्याची? वास सोसंना म्हणून बसनं येते म्हणाली. बस चुकायची. दोन खेपा चुकल्या, आनि तिसऱ्या खेपंला घरातनं तिची तिरडीच निघाली. चार मैन्यांमागची गोष्ट. मी तिला म्हणालो हुतो, नखरं नको करूस गं म्हातारे."

मामांनी दार लावलं. आप्पा बाकावरून उठले आणि भिंत चाचपत आत गेले. जाताना पाण्याच्या घागरीला धडकले. इतक्या वर्षांत ती घागर त्यांना कधी आडवी आली नव्हती.

मला वाटलं, म्हातारपण. मी मामांना म्हटलं, "रविवारी गाडी आणा. आप्पांचं मी बघते."

रविवारी मामा सकाळीच आले. व्हॅन लावली, चटई उचलली आणि पडवीत जाऊन आडवे झाले. पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज. आप्पा बाकावर होते. आदल्या चार दिवसांत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले होते.

आमच्या घरातली एक रीत इथे सांगायला हवी. वेल्डिंगच्या रेघेला आप्पा शिवण म्हणायचे, आणि प्रत्येक शिवणीशेजारी करणाऱ्याने आपली खूण ठोकायची. आजोबांची फुली होती. आप्पांची छिन्नीने मारलेली एक तिरकी रेघ. माझी तीन टिंबं. शिवण कधीही सुटली, दहा वर्षांनी का होईना, तरी खूण बघून त्या माणसाने ती फुकट करून द्यायची. रोजची गिऱ्हाइकंही या खुणा ओळखायची. मामा तर खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बापानं केलंय का लेकीनं?"

माझी पहिली शिवण मी त्याच्या सहा वर्षं आधी केली होती. त्याआधी वर्षभर भंगाराच्या पत्र्यावर हात बसवत होते. एका दुपारी आप्पांनी बाकावर एक डबा ठेवला. दोन्ही अर्धुकं शिकंज्यात गच्च धरलेली. "आज मला नीट दिसंना," ते म्हणाले, "एवढं तू बंद कर." मी श्वास रोखून ती रेघ ओढली. आप्पांनी बोट फिरवून बघितलं. मग स्वतःच्या हाताने मला पंच दिला. मी तीन टिंबं ठोकली. त्यांनी त्यांवर हळदकुंकू लावलं आणि आख्ख्या लायनीत पेढे वाटले. डबा कुठल्या गाडीला बसवला ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. नंतर मी किती वेळा विचारलं, तर म्हणायचे, "ध्यानात न्हाई गं. फिरत असंल कुठंतरी." मला ते आवडायचं. माझी पहिली शिवण रस्त्यावर कुठेतरी फिरते आहे, असं मी लोकांना सांगत असे.

तर त्या रविवारी मी डबा खोलला. बोल्ट गंजले होते, अर्धा तास गेला. शेवटचा सुटला आणि डबा माझ्या छातीवर आला. मी तो झेलायच्या तयारीने दोन्ही हात ताठ केले होते, आणि तो अलगद बसला.

हलका होता.

पहिल्या शिवणीच्या वेळी भरलेला डबा किती जड असतो ते मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. मी तो बाकावर ठेवला आणि सवयीने पाना उचलला. आमच्याकडे कुठलीही वस्तू आधी वाजवून बघायची. ही आप्पांचीच शिकवण.

"वाजवू नको," आप्पा म्हणाले.

मी वाजवला. देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला.

"जळून गेली असंल आतली," आप्पा घाईघाईने म्हणाले. "जुनी झाली की जळती. कापू नको. तसाच फेकून दे भंगारात."

जाळी जळाली तर तिचा गोळा होतो, तुकडे होतात, आत खडखडतात. हे मला ज्याने शिकवलं, तोच माणूस मला हे सांगत होता. मी तारेच्या ब्रशने डब्याची काजळी घासायला घेतली, कापायची जागा दिसावी म्हणून. बाजूने एक शिवण वर आली. कंपनीची नव्हती. कंपनीची शिवण मशीनची असते, एकसारखी. ही हाताची होती, सुरुवातीला जरा जाड, मग धीर आल्यासारखी सरळ. तिच्या टोकाशी काजळीने भरलेली तीन टिंबं होती.

मी टिंबांवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग हेल्मेट घातलं आणि ग्राइंडरने माझीच शिवण कापली. डबा उघडला. आत काही नव्हतं. राखही नव्हती. छिन्नीने जाळी काढताना उठलेले चरे तेवढे होते.

मला काय वाटलं ते लपवायचं कारण नाही. पहिल्यांदा राग आला नाही. लाज वाटली, आणि ती आधी त्या पेढ्यांची वाटली. शेजारचा पंक्चरवाला, चहावाला, टायरवाला, सगळ्यांनी तोंड गोड करून माझी पाठ थोपटली होती, आणि मी त्यांच्यासमोर एका चोरीचं झाकण लावून उभी होते.

मग हेल्मेटकडे लक्ष गेलं. ते माझ्या डोक्यावरच होतं. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होणारं ते हेल्मेट त्या काळी मिरजेत कुणाकडे नव्हतं. आप्पा जन्मभर हातात काळी काच धरून काम करत आले, आणि घाईत तीही न धरता. म्हणून डोळ्यांचा पडदा भाजला. पहिल्या शिवणीनंतर आठव्या दिवशी त्यांनी हे हेल्मेट मुंबईहून मागवून माझ्या हातात दिलं होतं. "ह्याच्याबिगर ठिणगी पाडलीस तर हात मोडीन," म्हणाले होते. पैसे कुठून आणले असं मी विचारलं, तेव्हा "साठवलं हुतं" म्हणाले.

मी रिकाम्या डब्याचं अर्धुकं उचललं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा अंगठा चाचपत चाचपत बरोबर टिंबांवर गेला आणि तिथे थांबला.

"ह्यातली जाळी कुठं हाय आप्पा?"

ते अंगठा टिंबांवरच घासत राहिले.

"मामांच्या गाडीची? सगळी दुनिया सोडून मामांची?"

"तो झोपलेला असायचा," आप्पा इतकं हळू म्हणाले की मला वाकावं लागलं. "दुसरं कोण गाडी सोडून झोपतंय?"

मी काही बोलायच्या आत पडवीतलं घोरणं थांबलं. चटई झटकल्याचा आवाज झाला आणि मामा डोळे चोळत आले.

"झालं का गं?"

"मामा, डबा रिकामा हाय," मी म्हटलं. "आतली जाळी कुणीतरी काढून घेतलीया. लई वर्षांमागं."

मामांची झोप उडाली. "कुणी? आप्पाबिगर कुणाचा हात लागलेला न्हाई माझ्या गाडीला!"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. मी वाट बघितली. समोरच्या चहाच्या टपरीवर स्टोव्ह भरभरत होता, तेवढाच आवाज.

"शिवण माझी हाय," मी म्हणाले.

हे मी त्यागबिग म्हणून केलं नाही. मला आप्पांना उठवायचं होतं. लेकीचं नाव निघालं की ते ताडकन उभे राहतील आणि म्हणतील, पोरीला काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यासाठी बोलले. मामांनी अर्धुकं उचलून टिंबं बघितली. एकदा माझ्याकडे, एकदा टिंबांकडे.

"किती मिळालं गं तुला?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

"एका हेल्मेटाएवढं."

आप्पांची मान हलली. पण ते उठले नाहीत.

मामा बाकावर आप्पांच्या शेजारी बसले. त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आप्पा, तिला कायबी बोलू नका," ते म्हणाले. "तवा नवीन हुती, सासरचा तरास काढून आल्याली. पोर चुकती. मी भाईर बोलणार न्हाई. तुमचं नाव हाय गावात, त्येला धक्का नको."

मी थांबले होते. आता तरी.

"हं," आप्पा म्हणाले.

मी मान फिरवली आणि कामाला लागले. टिंबांचं अर्धुकं बाजूला टाकलं आणि त्याच्या जागी नव्या पत्र्याचं दुसरं वाकवून घेतलं, कोल्हापूरहून आलेली नवी जाळी खोक्यातून काढली, बसवली, डबा बंद केला. हेल्मेटच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, हा त्याचा आणखी एक उपयोग त्या दिवशी कळला. शिवण वाकडी येऊ नये म्हणून दोनदा थांबले. मग पुन्हा तीन टिंबं ठोकली. पैसे घेतले नाहीत, रीतच तशी होती. जुनी जाळी परत न गेल्याचा फरकही मीच सोसला. मामांनी आभार मानले नाहीत. पण गाडी बसवेपर्यंत ते शेजारी उभे राहिले, माझ्या हातांकडे बघत. पडवीत गेले नाहीत.

पुढचे तीन दिवस आप्पा बाकावर बसून कानशीने काहीतरी घासत होते. खर्र खर्र खर्र. मी बघितलं नाही. मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. ताट समोर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे.

गुरुवारी दुपारी पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. आप्पांनी मान वर केली नाही. मामा उतरून पार त्यांच्यासमोर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण आलंय?"

"मी हाय आप्पा. दस्तगीर." मामा थोडे चकित झाले होते. मग त्यांनी मला कागद दाखवला. "पास. मशीनवाला म्हणाला, नव्या गाडीचाबी एवढा बरा आकडा येत न्हाई. आनि काल पेशंटांनी लिंबं परत दिली." त्यांनी टोपली माझ्या बाकावर ठेवली. "लोणचं घाल." आवाजात पूर्वीचं काही नव्हतं, पण शब्द तरी होते.

"दस्तगीर," आप्पा म्हणाले. "बस."

त्यांनी बाकाखालून डब्याचं ते अर्धुकं काढलं. तीन टिंबं नव्हती. तिथला पत्रा घासून घासून चकचकीत झाला होता, आणि त्या चकचकीत जागेवर छिन्नीने एक तिरकी रेघ मारलेली होती. न बघता मारलेली, म्हणून वाकडी. छिन्नी एकदा निसटल्याचा ओरखडाही होता. आप्पांच्या डाव्या अंगठ्याला चिंधी होती, ती मला तेव्हा दिसली.

"बघ," ते म्हणाले. "खूण कुणाची हाय?"

मामांनी बोट फिरवलं. "तुमची," ते म्हणाले.

"तिला काय ठावं न्हवतं. मी दोन्ही अर्धुकं आवळून तिच्याफुडं ठेवली. माझ्या डोळ्याला शिवण दिसंना, न्हाईतर तीबी मीच केली असती."

मामांनी अर्धुकं उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "का आप्पा? मागितलं असतं तर मी दिलं नसतं?"

"दिलं असतंस. म्हणूनच मागायला लाज वाटली." आप्पांनी माझ्या दिशेने हात केला. मी दुसऱ्याच बाजूला उभी होते. "तिचं डोळं ऱ्हायला पायजेत एवढंच डोस्क्यात हुतं. माझं चालल्यालं मला कळत हुतं."

"आनि चंपाक्का?" मामांनी विचारलं.

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी आयुष्यात पुष्कळ माणसं हरलेली बघितली आहेत, माझा नवरा त्यांतलाच. पण उत्तर नाही म्हणून इतकं लहान झालेलं माणूस मी पुन्हा बघितलं नाही. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी वाटलं की मामांनी आणखी विचारावं, सोडू नये. दोन्ही खरं होतं.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यात ते अर्धुकं गुंडाळलं आणि उठले. माझ्याजवळून जाताना थांबले. "तू कशाला गं माझ्याफुडं..." एवढंच म्हणाले आणि गाडीकडे गेले. टपरीवाला चहा घेऊन आला होता. तो तसाच राहिला.

मामा पुन्हा आमच्या दुकानात आले नाहीत. बाहेर कुणाला बोललेही नाहीत, शब्द पाळला. आप्पा लोहाराच्या दुकानात गाडी सोडा आणि खुशाल झोपा, असं लोक म्हणतच राहिले. कुणी तोंडावर म्हटलं की आप्पा पाणी मागायचे.

ते हेल्मेट मी अजून वापरते. फेकून द्यावं असं मनात आलं होतं, एकदा उकिरड्यापर्यंत घेऊनही गेले. पण मी पन्नाशीला आले तरी सुई ओवते, आणि ते कशामुळे हे मला ठाऊक आहे. चंपाक्काला मी कधी पाहिलं नव्हतं. कधी कधी काच काळी झाली की तिची आठवण येते.

आप्पा त्यानंतर तीन वर्षं होते. मामा त्याच रस्त्याने जायचे, आठवड्यातून तीनदा, सकाळी सातच्या सुमाराला, सहा-सात माणसं घेऊन. व्हॅन आमच्या दारासमोरून जायची तेव्हा आप्पा बाकावर बसलेले असायचे, पण त्यांची मान हलायची नाही. त्या गाडीचा घसा आता साफ झाला होता. मी केलेल्या कामात खोट नव्हती. मी हातातलं काम ठेवून ती वळेपर्यंत बघत राहायचे, आणि आप्पांना कधी सांगितलं नाही.

मग एखाद्या दिवशी कोपऱ्यावरून कुणाची तरी घसा बसलेली गाडी यायची. आप्पा ताठ व्हायचे, सदरा सारखा करायचे आणि बाकावर शेजारी जागा करायचे.

"दस्तगीर आला," म्हणायचे. "चहा सांग."

मी रस्ता ओलांडून जायचे आणि दोन चहा सांगायचे.